फाइल समोर असूनही लिनक्स ‘नो सच फाइल’ का म्हणतो: शेल स्क्रिप्ट आणि चुकीचे लाइन एंडिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोजच्या लॅपटॉपवर लिहिलेली, डेटाबेसचा रोजचा बॅकअप घेणारी ‘बॅकअप.एसएच’ ही स्क्रिप्ट तिथल्या गिट बॅशमध्ये, म्हणजे विंडोजवर बॅश हा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) पुरवणाऱ्या साधनात, व्यवस्थित चालते. पण उबुंटू सर्व्हरवर नेली की ‘बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा एरर येतो. फाइल जागेवर आहे, एक्झिक्यूट परवानगी दिलेली आहे, /बिन/बॅश हा प्रोग्रामही सर्व्हरवर आहे. स्क्रिप्ट ‘बॅश बॅकअप.एसएच’ अशी चालवली तर सुरुवात कापल्यासारखे अर्धवट एरर दिसतात, आणि बॅकअपच्या जागी ‘डीबी’ या एकाच नावाचे दोन फोल्डर तयार होतात. तोच मजकूर सर्व्हरवर नव्या फाइलमध्ये टाइप केला, तर मात्र सारे सुरळीत होते.

ही सगळी लक्षणे एकाच कारणाची आहेत: आपल्या फाइलमधील प्रत्येक ओळ युनिक्सच्या पद्धतीने न संपता विंडोजच्या पद्धतीने संपते. युनिक्स, लिनक्स आणि आजचा मॅकओएस यांच्यात ओळ संपल्याची खूण म्हणजे लाइन फीड (एलएफ) हा एकच बाइट असतो, ज्याचा आस्की क्रमांक १० आहे. विंडोजमध्ये त्याच्या आधी कॅरेज रिटर्न (सीआर) हा १३ क्रमांकाचा बाइटही असतो. ही जोडी टेलिटाइप यंत्रांच्या काळातली आहे. त्या यंत्रांत छपाईचा ठोकळा डावीकडे आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे ही दोन वेगळी कामे होती, म्हणून त्यांना दोन वेगळे संकेत होते. मल्टिक्सने आणि त्यापाठोपाठ युनिक्सने फाइलमध्ये एकच चिन्ह ठेवले. सीपी/एम आणि त्यामागून एमएस-डॉसने जोडी तशीच चालू ठेवली, आणि ती विंडोजमध्ये आली. इतिहासाचा एवढाच भाग आपल्या कामाचा आहे. शेलच्या दृष्टीने सीआर हे ओळ संपल्याचे चिन्ह नाही, मोकळी जागाही नाही. ते ‘क’ किंवा ‘७’ यांच्यासारखेच एक साधे अक्षर आहे. फाइलच्या नावात शून्य बाइट आणि तिरकी रेघ सोडून काहीही चालते, तसा सीआरही चालतो, त्यामुळे शेलने तो परस्पर गाळून टाकणे बरोबर ठरले नसते. विंडोजवरील गिट बॅश मात्र या बाबतीत मुद्दाम सैल ठेवलेला आहे, म्हणून तिथे आपल्याला काही जाणवले नाही.

आता पहिला एरर पाहू. आपण स्क्रिप्ट थेट नावाने चालवता तेव्हा पहिली ओळ बॅश वाचत नाही, लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, वाचतो. सुरुवातीला ‘#!’ हे दोन बाइट दिसले की कर्नल त्यापुढचा मजकूर लाइन फीडपर्यंत घेतो, शेवटच्या स्पेस आणि टॅब छाटतो आणि उरलेल्या मार्गावरचा प्रोग्राम सुरू करू पाहतो. सीआर तो छाटत नाही. त्यामुळे आपल्या फाइलच्या बाबतीत तो ‘/बिन/बॅश’ शोधतच नाही. तो ‘/बिन/बॅश’ आणि त्याला चिकटलेला सीआर, अशा पाच अक्षरी शेवटच्या नावाचा प्रोग्राम शोधतो. तसा प्रोग्राम सर्व्हरवर नाही, आणि कर्नल तेच खरे सांगतो. घोटाळा एवढाच होतो की ‘फाइल सापडली नाही’ हे विधान आपण स्क्रिप्टबद्दल समजतो, प्रत्यक्षात ते इंटरप्रिटरबद्दल, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामबद्दल असते. बॅशच्या ५.२ या आवृत्तीपासून या ठिकाणी ‘कॅनॉट एक्झिक्यूट: रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ अशी शब्दरचना आली आहे. ती अधिक प्रामाणिक आहे, पण जुन्या संदेशातील इंटरप्रिटरचे नाव तिच्यातून गेले, हे मला तोट्याचे वाटते. पहिल्या ओळीत ‘/यूएसआर/बिन/एन्व्ह बॅश’ असेल तर कर्नलला एन्व्ह (दिलेल्या नावाचा प्रोग्राम शोधून चालवणारी कमांड) सापडतो. मग एन्व्हला ‘बॅश-सीआर’ सापडत नाही आणि तक्रार एन्व्हच्या नावाने येते. पहिल्या ओळीच्या शेवटी एखादा पर्याय असेल, समजा ‘-ई’, तर इंटरप्रिटर बरोबर सापडतो आणि सीआर त्या पर्यायाला चिकटतो. मग शेल ‘इनव्हॅलिड ऑप्शन’ म्हणतो. एरर कोणी दिला, कर्नलने, एन्व्हने की शेलने, हे आधी ओळखले की अर्धा शोध संपतो.

‘बॅश बॅकअप.एसएच’ असे चालवल्यावर कर्नलची पायरी टळते, कारण पहिली ओळ बॅशला केवळ टिप्पणी वाटते. म्हणून पुष्कळ जण ‘असे चालवले की चालते’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. तो निष्कर्ष घातक आहे. आता तोच सीआर प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाला चिकटून येतो आणि प्रत्येक ठिकाणी निराळे रूप घेतो.

कापलेल्या एररचे रहस्य टर्मिनलमध्ये आहे. समजा पाचव्या ओळीत ‘सीडी /व्हार/बॅकअप्स’ ही त्या फोल्डरमध्ये जाण्याची कमांड आहे. बॅशच्या जुन्या आवृत्त्या जो संदेश लिहितात त्यात क्रमाने फाइलचे नाव, ओळ क्रमांक, ‘सीडी’, मग सीआर चिकटलेला मार्ग आणि शेवटी ‘: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे सगळे असते. टर्मिनल मात्र सीआर आला की आपल्या जुन्या धर्माला जागून कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेतो आणि पुढचा मजकूर आधीच्या मजकुरावरच लिहितो. इंग्रजी अक्षरे मोजली तर सीआरपूर्वी ३५ अक्षरे येतात आणि नंतर २७. त्यामुळे पहिली २७ पुसली जातात आणि पडद्यावर ‘: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी/बॅकअप्स’ असे काहीतरी उरते. ‘:’ या चिन्हाने सुरू होणारा आणि शेवटाला भलत्याच शब्दाचे शेपूट असणारा एरर दिसला, की मी दुसरे काही तपासण्याआधी लाइन एंडिंग तपासतो. हाच एरर फाइलमध्ये वळवून ती फाइल अदृश्य अक्षरे दाखवणाऱ्या कमांडने पाहिली, तर संदेश पूर्ण आणि अगदी अचूक असल्याचे दिसते.

रिकाम्या दिसणाऱ्या ओळीही रिकाम्या नसतात. त्यांच्यात एकटा सीआर असतो, आणि बॅश तो कमांड म्हणून शोधतो; ‘कमांड नॉट फाउंड’ची रांग त्यातून लागते. उबुंटूवर ‘एसएच’ म्हणजे बॅश नसून डॅश हा दुसरा शेल आहे, आणि तो नुसते ‘: नॉट फाउंड’ म्हणतो. ‘देन’, ‘डू’, ‘फाय’ हे शेलचे राखीव शब्द सीआर चिकटल्यावर राखीव राहत नाहीत. ‘फॉर’च्या खाली स्वतंत्र ओळीवर ‘डू’ असेल तर बॅश त्याच ओळीवर अडतो आणि सीआरसकट तो शब्द दाखवतो, हे त्यातल्या त्यात बरे. ‘इफ’च्या बाबतीत मात्र ‘देन’ ओळखू न आल्यामुळे बॅश पुढे पुढे वाचत जातो आणि फाइल संपल्यावर ‘अनएक्सपेक्टेड एंड ऑफ फाइल’ म्हणून फाइलच्या शेवटाजवळचा ओळ क्रमांक देतो. त्या ओळीत काहीच चूक नसते आणि माणूस ती पुन्हा पुन्हा वाचत बसतो. शिवाय बॅश स्क्रिप्ट आधी पूर्ण तपासून मग चालवत नाही. तो एक एक कमांड वाचतो आणि चालवतो, त्यामुळे वाक्यरचनेचा एरर येईपर्यंतच्या सगळ्या ओळी प्रत्यक्ष अमलात आलेल्या असतात.

लांब कमांड अनेक ओळींत तोडण्यासाठी आपण शेवटी उलटी तिरकी रेघ देतो. ती रेघ आपल्या लगेच पुढच्या एका अक्षराला निष्प्रभ करते. इथे पुढचे अक्षर सीआर आहे, लाइन फीड नाही. म्हणून रेघ सीआरवर खर्च होते, लाइन फीड शाबूत राहतो आणि कमांड तिथेच तुटते. डॉकर (प्रोग्राम बंदिस्त ‘इमेज’मधून चालवणारे साधन) किंवा आरसिंक (फाइली कॉपी करणारे साधन) यांच्या दहा ओळींच्या कमांडमधून फक्त पहिली ओळ चालते आणि उरलेले पर्याय स्वतंत्र कमांड म्हणून नाकारले जातात, ते यामुळे.

हिअर-डॉक्युमेंटचे, म्हणजे स्क्रिप्टमध्येच लिहिलेला मजकूर कमांडला देण्याच्या सोयीचे, प्रकरण सर्वांत फसवे आहे. ‘<<’ असे दोन कोन आणि त्यापुढे ‘ईओएफ’ ही खूण ओळीच्या शेवटी असेल, तर सीआर त्या खुणेचाच भाग होतो. शेवटच्या ‘ईओएफ’लाही सीआर आहेच, त्यामुळे दोन्ही जुळतात आणि एकही एरर येत नाही. पण मधला सगळा मजकूर सीआरसकट लिहिला जातो आणि त्यातून बनलेली कॉन्फिगरेशन फाइल दुसऱ्याच प्रोग्रामला दुसऱ्याच दिवशी अडवते. आता त्याच ओळीत खुणेनंतर आउटपुट फाइलमध्ये वळवण्याचा बाण लिहिला, की चित्र उलटे होते. खूण स्वच्छ राहते, सीआर आउटपुट फाइलच्या नावाला चिकटतो, आणि शेवटची खूण सीआरमुळे जुळत नाही. मग पुढची उरलेली सगळी स्क्रिप्ट त्या फाइलमध्ये मजकूर म्हणून जाते आणि बॅश फक्त एक सौम्य इशारा देतो.

बॅकअपच्या स्क्रिप्टबाबत मला खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. एरर आला की थांबावे म्हणून आपण सुरुवातीला ‘सेट -ई’ लिहिले असणार. सीआरमुळे तो पर्याय अवैध ठरतो, बॅश एक कापलेला एरर दाखवतो आणि तसाच पुढे जातो. म्हणजे ज्या ओळीने स्क्रिप्ट थांबायची तीच ओळ लागू झालेली नसते. पुढे ‘सीडी’ फसते, स्क्रिप्ट आपल्या होम डिरेक्टरीतच राहते, आणि खालची जुन्या प्रती पुसणारी ‘आरएम’ची ओळ येते. बहुतेक वेळा तिच्या नमुन्यालाही सीआर चिकटलेला असतो, म्हणून तिला जुळणारी फाइल सापडत नाही आणि आपण वाचतो. पण त्या ओळीच्या शेवटी ‘# जुन्या प्रती काढा’ अशी टिप्पणी असेल, तर सीआर टिप्पणीत विरून जातो, ‘आरएम’ निर्दोष चालते आणि ती चुकीच्या जागी चालते. टिप्पणीने संपणाऱ्या ओळी सीआरपासून सुरक्षित असतात, ही गोष्ट सिग्विनवर (विंडोजवर युनिक्ससारखे वातावरण देणाऱ्या साधनात) मुद्दाम वापरली जाते. इथे ती आपल्याविरुद्ध जाते.

निदान पक्के करण्यासाठी आधी ‘फाइल’ ही कमांड वापरावी. दोषी फाइलबद्दल ती ‘विथ सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स’ असे स्पष्ट सांगते. त्यानंतर ‘कॅट’ला कॅपिटल ‘ए’ हा पर्याय देऊन पाहिले, तर ओळीच्या शेवटी नुसते डॉलरचिन्ह दिसण्याऐवजी टोपीचे चिन्ह, एम आणि मग डॉलर दिसतो. इथे मराठीत टिप्पण्या लिहिणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. ही कमांड आस्कीबाहेरचा प्रत्येक बाइट ‘एम-हायफन’ लावून दाखवते. देवनागरीतील हलंताचा यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतील तिसरा बाइट १४१ आहे, म्हणजे १२८ अधिक १३. त्यामुळे प्रत्येक जोडाक्षरात ‘एम-टोपी-एम’ अशी आकृती उमटते. ‘प्रत्येक’ या एका शब्दात ती दोनदा येते. स्क्रिप्टभर सीआर पसरले आहेत असे वाटते, आणि या आउटपुटमध्ये ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने टोपी-एम शोधल्यास आकडा साफ चुकतो. खरा सीआर ओळीच्या टोकाला, डॉलरच्या लगेच आधी असतो आणि त्याच्या मागे ‘एम-हायफन’ नसतो. शंका उरली तर ‘ओडी’ कमांडला ‘बी’ हा पर्याय द्यावा. ती बाइट अष्टमान पद्धतीत छापते आणि ‘०१५ ०१२’ ही जोडी दिसली की वाद संपतो.

एडिटरवर विसंबू नये. संपूर्ण फाइल सीआरएलएफ असेल तर विम तिला डॉस प्रकारची समजून सीआर लपवतो आणि खाली कोपऱ्यात ‘डॉस’ एवढेच दाखवतो. फाइल मिश्र असेल तेव्हाच टोपी-एम दिसू लागतात. म्हणजे कमी बिघडलेली फाइल विममध्ये जास्त बिघडलेली दिसते. नॅनो उघडताना ‘कन्व्हर्टेड फ्रॉम डॉस फॉरमॅट’ म्हणतो, पण जतन करताना ती पुन्हा डॉस प्रकारातच लिहितो. म्हणूनच सर्व्हरवर जुनी फाइल नॅनोमध्ये उघडून दोन ओळी बदलल्याने काही सुधारत नाही आणि नव्या फाइलमध्ये टाइप केल्याने सुधारते. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवर ‘सीआरएलएफ’ हे शब्द असतात. त्यावर क्लिक करून ‘एलएफ’ निवडता येते. शेलचेक हे तपासणीचे साधन असेल, तर ते हा दोष थेट ओळीसह दाखवते.

दुरुस्तीची कमांड लहान आहे. डॉस-टू-युनिक्स हे साधन उबुंटूच्या भांडारात मिळते. ते जागच्या जागी फाइल बदलते, बायनरी फाइल वगळते आणि सुरुवातीचा बीओएम (एन्कोडिंगची खूण असणारे अदृश्य बाइट) असल्यास तोही काढते, म्हणून मी तेच पसंत करतो. ते नसेल तर सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने प्रत्येक ओळीच्या शेवटचा सीआर काढता येतो. जीएनयू सेडला हे नीट समजते, मॅकवरील सेडचे पर्याय वेगळे असल्याने तिथे तीच कमांड तशीच चालेल असे धरू नये. सर्वत्र चालणारा मार्ग म्हणजे ‘टीआर’ला ‘डी’ हा पर्याय देऊन अष्टमान ०१५ हा बाइट गाळणे. यूटीएफ-८ मध्ये कोणत्याही मराठी अक्षराच्या पोटात हा बाइट येत नसल्यामुळे देवनागरी मजकुराला धक्का लागत नाही. मात्र टीआरचे आउटपुट त्याच फाइलमध्ये वळवू नये. टीआर वाचू लागण्याआधीच शेल ती फाइल रिकामी करतो. नव्या फाइलमध्ये लिहावे, आणि तिला एक्झिक्यूट परवानगी पुन्हा द्यावी. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये बाणाने वळवून तयार केलेली फाइल यूटीएफ-१६ असते; तिच्यावर टीआर चालवू नये, आधी एन्कोडिंग बदलावे.

‘फाइंड’ने सगळ्या फोल्डरवर एकदाच सेड चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) रिपॉझिटरीच्या, म्हणजे कोडच्या साठ्याच्या, मुळाशी बसून पाळला, तर ‘.गिट’ फोल्डरमधल्या दाबून ठेवलेल्या बायनरी फाइलीही बदलतात आणि रिपॉझिटरी खराब होते. चित्रे आणि आर्काइव्ह यांचेही तेच. फाइलींचे प्रकार नेमके सांगावेत किंवा गिटला माहीत असलेल्या फाइलींची यादी घेऊन तेवढ्यांवरच काम करावे. सेडची जागच्या जागी बदल करण्याची पद्धत सिमलिंकच्या (दुसऱ्या फाइलकडे नेणाऱ्या दुव्याच्या) जागी साधी फाइल ठेवते, हेही ध्यानात असू द्यावे.

दोन ‘डीबी’ फोल्डरांचे काय करायचे, तेही इथेच सांगतो. त्यातील एकाच्या नावाच्या शेवटी सीआर आहे. जीएनयूचे ‘एलएस’ २०१६ पासून टर्मिनलवर अशी नावे अवतरणांत आणि सीआरच्या खुणेसह दाखवते, पण आउटपुट पाइपमध्ये गेले की दोन्ही नावे सारखीच दिसतात. ‘एलएस’ला ‘आय’ पर्याय देऊन दोन्हींचे आयनोड क्रमांक (डिस्कवरील ओळख क्रमांक) पाहावेत आणि ‘फाइंड’च्या आयनोडने शोधणाऱ्या पर्यायाने चुकीचा फोल्डर नेमका पकडावा. तो पुसण्याआधी आत डोकावावे, कारण आपले अलीकडचे बॅकअप बहुधा त्याच्यातच पडलेले आहेत. त्याचे नाव बदलून थेट ‘डीबी’ करण्याचा प्रयत्न करू नये. त्या नावाचा फोल्डर आधीच असल्याने तो त्याच्या आत जाऊन बसेल. ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनच्या ओळीही याच नजरेने पाहाव्यात. क्रॉनची फाइल विंडोजवरून आली असेल, तर लॉगच्या नावाला सीआर चिकटतो, आपण पाहतो ती लॉग फाइल रिकामी राहते आणि खरा लॉग शेजारच्या जुळ्या नावाच्या फाइलमध्ये वाढत असतो.

एकदा साफ केल्याने प्रश्न मिटत नाही, कारण सीआर जिथून येतो ती वाट उघडीच असते. बहुतेक संघांत ती वाट गिटची असते. विंडोजसाठीच्या गिटमध्ये बसवताना स्वीकारलेल्या नेहमीच्या पर्यायामुळे ‘कोअर.ऑटोसीआरएलएफ’ चालू असते, म्हणजे रिपॉझिटरीत एलएफ असले तरी चेकआउट करताना, म्हणजे फाइली डिस्कवर उतरवताना, लॅपटॉपवरील प्रतीत सीआरएलएफ होते. ती प्रत गिटमधूनच लिनक्सवर गेली तर काही बिघडत नाही. ती लॅपटॉपवरून थेट कॉपी झाली, डॉकरच्या इमेजमध्ये भरली गेली किंवा डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समधून) सी ड्राइव्हवरच चालवली गेली, की बिघडते. डॉकरमध्ये एंट्रीपॉइंटची, म्हणजे सुरुवातीलाच चालणारी, स्क्रिप्ट स्पष्ट दिसत असताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येते, ते बहुधा याचमुळे. डॉकरफाइलमध्ये सेडची एक ओळ घालून गाडी पुढे ढकलण्याची पद्धत रूढ आहे. दुसऱ्याच्या कोडसाठी ती समजण्यासारखी आहे, स्वतःच्या रिपॉझिटरीत मी ती राहू देत नाही, कारण तिच्यामुळे मूळ बिघाड दिसेनासा होतो.

प्रत्येकाला आपापली गिटची सेटिंग बदलायला सांगणे हाही टिकाऊ उपाय नाही; नवा सहकारी आला की तो मोडतो. नियम रिपॉझिटरीतच असावा. मुळाशी ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये ‘एसएच’ विस्ताराच्या फाइलींसाठी ‘टेक्स्ट’ आणि ‘ईओएल’ म्हणजे ‘एलएफ’ असे लिहावे. तो नियम प्रत्येकाच्या वैयक्तिक सेटिंगवर मात करतो. विस्तार नसलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे गिटचे हूक, ‘ग्रेडलडब्ल्यू’, ‘एंट्रीपॉइंट’ यांना त्याच फाइलमध्ये स्वतंत्र ओळ द्यावी लागते, आणि नेमके तेच राहून जाते. विंडोजच्या बॅच फाइलींना उलट सीआरएलएफ ठरवून द्यावे, कारण नुसत्या एलएफवर तिथल्या ‘गोटू’च्या खुणा कधी कधी सापडत नाहीत. नियम लिहिल्यावर जुन्या फाइली आपोआप बदलत नाहीत. ‘गिट अ‍ॅड’ला ‘रीनॉर्मलाइज’ पर्याय देऊन तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये ठेवावा, दुसऱ्या कामात मिसळू नये, नाहीतर प्रत्येक ओळ बदललेली दिसते आणि त्या कमिटचे परीक्षण कोणीच करू शकत नाही. ‘गिट एलएस-फाइल्स’ला ‘ईओएल’ पर्याय दिला की प्रत्येक फाइलची रिपॉझिटरीतील आणि डिस्कवरील स्थिती शेजारी शेजारी दिसते. माझ्या अनुभवात गिटसंबंधीचे वाद मिटवायला ही एकच कमांड पुरते.

स्क्रिप्ट पूर्ण स्वच्छ असतानाही सीआर डेटातून येऊ शकतो, आणि हा प्रकार शोधायला अवघड असतो. एक्सेलमधून विंडोजवर जतन केलेली सीएसव्ही ‘व्हाइल रीड’ने वाचली, तर प्रत्येक ओळीच्या शेवटच्या रकान्याला सीआर चिकटतो, तुलना फसते, आणि अंकगणितात ‘इनव्हॅलिड अरिथमेटिक ऑपरेटर’ येतो. एचटीटीपीच्या हेडरमधील ओळी नियमानुसारच सीआरएलएफने संपतात, म्हणून कर्ल या वेबवरून माहिती मागवणाऱ्या कमांडने हेडर मागवून त्यातून ‘लोकेशन’चा पत्ता काढला, तर तो सीआरसकट हाती येतो. डॉकरच्या ‘एक्झेक’ला किंवा एसएसएचला ‘टी’ हा पर्याय देऊन आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेतले, तर मधले आभासी टर्मिनल प्रत्येक लाइन फीडआधी सीआर घालते. तिथे माणूस समोर नसतो, तेव्हा तो पर्याय काढणे हाच उपाय. डब्ल्यूएसएलमधून विंडोजचा प्रोग्राम बोलावल्यावरही हेच होते. कमांड सब्स्टिट्यूशन, म्हणजे कमांडचे आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेण्याची सोय, शेवटचे लाइन फीड गाळते, सीआर गाळत नाही. अशा ठिकाणी डेटा आत येतो त्याच ओळीवर टीआर लावावा, किंवा बॅशच्या टक्केचिन्हाच्या पद्धतीने व्हेरिएबलच्या शेवटचा सीआर छाटावा. व्हेरिएबलमध्ये नेमके काय आहे हे ‘एको’ने पाहू नये, तो सीआर टर्मिनललाच देतो, ‘डिक्लेअर’ला ‘पी’ पर्याय द्यावा किंवा स्क्रिप्ट ‘एक्स’ पर्यायाने चालवावी, म्हणजे सीआर खुणेसह दिसतो.

इतके करूनही ‘नो सच फाइल’ येत राहिले, तर दोष लाइन एंडिंगचा नाही. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या इमेजमध्ये बॅश मुळात नसतो, आणि तिथे डॉकरचा एरर सारखाच असतो. बॅश बसवावा किंवा पहिली ओळ ‘/बिन/एसएच’ करून स्क्रिप्टमधील खास बॅशच्या सोयी काढाव्यात. दुसरी शक्यता बीओएमची. तीन अदृश्य बाइट ‘#!’च्या आधी बसले की कर्नल ती स्क्रिप्ट म्हणून ओळखतच नाही, शेल ती स्वतःच वाचू लागतो आणि पहिल्याच ओळीला कमांड समजून ‘#!/बिन/बॅश: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे म्हणतो. संदेशात ‘#!’ ही चिन्हे दिसली तर बीओएम, ‘बॅड इंटरप्रिटर’ दिसले तर सीआर किंवा गैरहजर इंटरप्रिटर, असा भेद पहिल्या नजरेतच करता येतो.